शास्त्राचा अधिकार आणि वाचणाऱ्याचा अधिकार : पंडिता रमाबाईंच्या बायबलच्या निमित्ताने

बंगळूरच्या राजाजीनगर भागात एका मराठीभाषक ख्रिस्ती कुटुंबाच्या सायंप्रार्थनेला बसण्याचा योग मला आला. मेजावर दोन ग्रंथ होते. एकावर कानडी लिपीत ‘सत्यवेद’ असे छापलेले होते, दुसऱ्यावर ‘पवित्र शास्त्र’. आजींनी मराठीतून अध्याय वाचला आणि नातवाने तोच पुढे कानडीतून वाचला. आपण एकच ग्रंथ वाचत आहोत ह्याविषयी दोघांच्याही मनात शंका नव्हती. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाच्या मनात मात्र ती असावयास हवी. तमिळने ह्याच ग्रंथाला ‘वेदागमम्’ म्हटले, मलयाळमने ‘सत्यवेदपुस्तकम्’ म्हटले, आणि मराठीत रूढ झाले ते ‘शास्त्र’. ही केवळ नावांची निवड नाही. ग्रंथ ईश्वरप्रेरित आहे म्हणजे नेमके काय आहे, आणि त्याचा शब्द माणसाने का मानावा, ह्या प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे ह्या नावांत आधीच दडलेली आहेत.

‘वेद’ म्हटले की मीमांसकांचे अपौरुषेयत्व मागोमाग येते. वेदाला कर्ता नाही, ईश्वरही त्याचा कर्ता नाही, म्हणून त्यात कर्त्याच्या दोषाला जागा नाही, अशी ती मांडणी. नैयायिकांनी ईश्वराला कर्ता मानले आणि त्याच्या आप्तत्वावर वेदाचे प्रामाण्य उभे केले. ख्रिस्ती प्रेरणासिद्धान्त ह्या दोहोंपैकी कशातच नीट बसत नाही. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी आपण मुळापासून शोध घेऊन क्रमवार लिहीत आहोत असे सांगतो. म्हणजे येथे लेखक आहे, त्याने चौकशी केली आहे, आणि त्याला आपल्या आधीच्या लेखकांची जाणीवही आहे. ज्या पत्रात सर्व शास्त्रलेख ईश्वरप्रेरित असल्याचे विधान येते, त्या तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रातच पुढच्या अध्यायात, त्रोवस येथे राहिलेला झगा आणि पुस्तके येताना घेऊन ये, असा निरोप आहे. झगा मागणारा हात आणि ईश्वराचा श्वास एकाच पानावर नांदतात. ख्रिस्ती परंपरेने ह्या सहवासाचा अर्थ लावण्यात शतके घालवली आहेत.

श्वास हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. त्या विधानातील ग्रीक शब्द ‘थिओप्न्यूस्तोस’ हा देव आणि श्वास ह्यांचा समास आहे. मराठीत त्यासाठी ‘प्रेरित’ आला. पण मराठी बायबलमध्ये ‘प्रेरित’ हा शब्द आणखी एका जागी ठाण मांडून बसलेला आहे : येशूने पाठविलेले शिष्य, ग्रीकमधील ‘अपोस्तोलोस’, हेही ‘प्रेरित’च. एका ग्रीक शब्दाच्या मुळाशी पाठविणे आहे, दुसऱ्याच्या मुळाशी फुंकणे. मराठीत दोन्ही एका क्रियेत विलीन झाली. बृहदारण्यक उपनिषदात वेदांना त्या महाभूताचे निःश्वसित म्हटले आहे, तेव्हा श्वासाची प्रतिमा भाषेच्या भांडारात नव्हती असे नाही. ती घेतली असती तर ग्रंथ वेदाच्या फार जवळ गेला असता. ती न घेतल्यामुळे मराठी वाचकाच्या मनात एक वेगळीच गोष्ट झाली असावी असे मला वाटते. ग्रंथही पाठविलेला आणि माणसेही पाठविलेली, त्यामुळे ग्रंथाचे प्रामाण्य हे निरोप्याच्या प्रामाण्यासारखे भासू लागले. निरोप्याला विचारता येते, त्याच्याशी वादही घालता येतो.

ह्याच्या कितीतरी आधी फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी तिसरीच वाट धरली होती. १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्यांनी बायबलचे भाषांतर केले नाही, ते ओवीत नव्याने सांगितले. पुराणाचे प्रामाण्य अक्षरात नसते. ते सांगणाऱ्याच्या परंपरेत आणि ऐकणाऱ्याच्या श्रद्धेत असते. चर्चच्या मध्यस्थीने शास्त्र लोकांपर्यंत जावे, ह्या तत्कालीन कॅथलिक धोरणाला ही घडण सोयीची होती. श्रीरामपूरच्या मुद्रणालयातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. आता ग्रंथ गद्यात, अध्याय-वचनांच्या आकड्यांसह, थेट वाचकाच्या हाती येणार होता. ह्या वाचकाला तो वाचण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न मराठी समाजात युरोपातल्यापेक्षा अधिक टोकदार होता, कारण येथे ‘अधिकार’ ह्या शब्दाला दोन धारा आहेत. शास्त्राला अधिकार असतो, आणि शास्त्राचा माणसाला अधिकार असतो किंवा नसतो. पूर्वमीमांसेपासून ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांपर्यंत कोण अधिकारी आणि कोण अनधिकारी ही चर्चा अविरत चालू आहे. इंग्रजी शब्दाने विचार करणाऱ्या धर्मशास्त्र्याला ही दुसरी धार दिसत नाही. मराठीत ती हाताला लागतेच.

ती सर्वांत खोल लागली पंडिता रमाबाईंना. त्यांचा जन्म १८५८ साली पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि समाजाचा रोष ओढवून घेतला. रमाबाईंना पुराणे मुखोद्गत होती, पण वेद नव्हते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. त्याच शहरात केशवचंद्र सेन ह्यांनी वेदाची प्रत हाती देऊन तो वाचला आहे का असे विचारले, तेव्हा स्त्रियांना तो अधिकार नाही असेच त्यांचे उत्तर होते. १९०७ मधील आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की धर्मशास्त्रे बहुतेक बाबतींत एकमेकांशी विसंगत असली तरी स्त्रिया आणि शूद्र ह्यांच्याविषयी त्यांचे एकमत आहे. हे निरीक्षण एखाद्या बाहेरच्या टीकाकाराचे नव्हे, ते संहिता पाठ असलेल्या बाईचे आहे, हे विसरता कामा नये. पुढे सिल्चरला आपल्याच पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले. ते तेथे कसे आले हे त्यांनाही ठाऊक नव्हते. मराठी ख्रिस्ती साहित्यातील ह्या थोर भाषांतरकर्त्रीची शुभवर्तमानाशी पहिली गाठ बंगालीत पडली, ही नोंद तौलनिक अभ्यासकाने करून ठेवावी.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा ह्यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. त्यातील सिस्टर जेराल्डिन ह्यांच्याशी झालेला वाद मला शास्त्रप्रामाण्याच्या चर्चेतील पहिल्या प्रतीचा दस्तऐवज वाटतो. जेराल्डिन ह्यांचा आग्रह असा की शास्त्राचा अर्थ चर्चने लावावा आणि नवदीक्षिताने तो नम्रपणे स्वीकारावा. त्रैक्याचा सिद्धान्त, अथानासियसचा विश्वासांगिकार ह्या गोष्टी रमाबाईंना ग्रंथात जशाच्या तशा आढळेनात. त्यांनी विवेकबुद्धी आणि ग्रंथ ह्या दोहोंचाच आधार मागितला. ब्राह्मणाच्या मध्यस्थीतून सुटून दुसऱ्या पुरोहिताच्या मध्यस्थीत जाण्याची त्यांची तयारी नव्हती. येथे अधिकाराच्या दोन्ही धारा एकत्र येतात. ज्या ग्रंथाचा अधिकार आपण मानतो, त्याच ग्रंथाने आपल्याला वाचण्याचा अधिकार दिला आहे, तो परत कोण घेणार, असा त्यांचा पवित्रा होता. योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीच्या प्रसंगाने त्या हेलावल्या होत्या, हे ह्या संदर्भात समजून घेतले पाहिजे. त्या प्रसंगात विहिरीवर पाणी भरणाऱ्या, वाळीत पडल्यासारख्या एका बाईशी उपासनेच्या स्थळाविषयी आणि स्वरूपाविषयी धर्मचर्चा होते. तिला अधिकारभेदाचा प्रश्न विचारला जात नाही.

महात्मा फुले ह्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराची पाठराखण केली. पण शास्त्राच्या बाबतीत दोघांच्या वाटा भिन्न होत्या. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त फुले कोणताही धर्मग्रंथ ईश्वराने केला आहे हे मान्य करीत नाहीत. अनधिकाराची व्यवस्था मोडण्याचा त्यांचा उपाय प्रामाण्यच नाकारण्याचा होता. रमाबाईंनी प्रामाण्य राखले आणि अधिकार सर्वांना वाटला. आधुनिक अभ्यासकांना फुले अधिक जवळचे वाटतात हे स्वाभाविक आहे, मलाही वाटतात. तरीही रमाबाईंची वाट केवळ अर्ध्यावर थांबलेली म्हणून बाजूला सारणे हा आळस आहे.

कारण त्या वाटेवर पुढे केडगाव आहे. मुक्तिसदनातील आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये मुक्तिसदनाच्या छापखान्यातून संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. खिळे जुळविणे, छपाई, बांधणी ही कामे तेथील स्त्रियांनी केली. त्यांत दुष्काळातून वाचविलेल्या मुली होत्या, बालविधवा होत्या. प्रचलित मराठी भाषांतर अल्पशिक्षित स्त्रियांना कळत नाही, आणि त्यातील काही संस्कृत शब्द दुसऱ्याच धर्मकल्पना बरोबर घेऊन येतात, अशी रमाबाईंची तक्रार होती. संस्कृतच्या ह्या पंडितेने संस्कृतलाच दाराबाहेर थांबविले. एकाच वेळी त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. शब्द ईश्वरप्रेरित असेल तर मूळ शब्दाला चिकटून राहिले पाहिजे. आणि शब्द सर्वांसाठी असेल तर खेड्यातल्या बाईच्या तोंडी बसला पाहिजे. ह्या दोन निष्ठा प्रत्येक वाक्यात समेट करीत नाहीत. काही ठिकाणी अक्षरनिष्ठा जिंकते आणि वाक्य अवघडून बसते. काही ठिकाणी बोलीचा सरळपणा जिंकतो. भाषांतर म्हणून हा दोष आहे. परंतु प्रेरणासिद्धान्ताची अडचण इतक्या प्रामाणिकपणे वाक्यरचनेत उतरलेली मराठीत अन्यत्र क्वचितच दिसते.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. वाँटेजला प्रश्न विचारणारी रमाबाई केडगावला अक्षरप्रामाण्यवादी झाली. तिने एक शब्दप्रामाण्य टाकून दुसरे पत्करले, असा तो आक्षेप. त्यात तथ्य आहे. ‘एसेज् अँड रिव्ह्यूज्’ १८६० मध्ये आणि बिशप कोलेन्सो ह्यांच्या पंचग्रंथाच्या चिकित्सेचा पहिला भाग १८६२ मध्ये प्रसिद्ध होऊन इंग्लंडमध्ये वादळ उठले होते. रमाबाईंनी मनुस्मृतीला लावलेली कसोटी मोशेच्या नियमशास्त्राला लावली नाही. तेथील स्त्रीविषयक निर्बंधांकडे त्या ज्या दृष्टीने पाहतात ती टीकाकाराची दृष्टी नव्हे. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चरित्रकारांनी ते पुष्कळदा झाकले आहे. मात्र आक्षेप घेणारे प्रामाण्याची केवळ एकच धार मोजतात. ज्यांना ओळख अक्षराचीच नव्हती अशा मुली हिब्रूतून आलेल्या वाक्याचे खिळे जुळवू लागल्या, तेव्हा त्या ग्रंथापुढे नुसत्या नतमस्तक नव्हत्या. त्यांच्या बोटांवर त्याची शाई होती.

नारायण वामन टिळक ह्यांचा विचार येथे थोडक्यात करणे भाग आहे. १८९३ मधील आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ग्रंथापासून सुरुवात होऊनही त्यांच्या अभंगांत ग्रंथापेक्षा भेटीला मोल आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे सांगणाऱ्या कवीला सेतूचेही प्रामाण्य मानावेच लागते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रकटीकरणाविषयीचा आपला दस्तऐवज मंजूर केला आणि मानवी लेखकांच्या लेखनप्रकारांकडे लक्ष देण्याची गरज स्पष्टपणे मान्य केली. २०१० मधील फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचे ‘सुबोध बायबल’ ह्या वातावरणात घडले. त्याच्या नावातील ‘सुबोध’ हे विशेषण रमाबाईंच्या तक्रारीला सुमारे शतकानंतर मिळालेले उत्तर म्हणता येईल, तेही एका कॅथलिक धर्मगुरूकडून.

राजाजीनगरच्या त्या घरी प्रार्थना संपल्यावर मी आजींना विचारले, की नातवाच्या ग्रंथाला वेद म्हणतात आणि तुमच्या ग्रंथाला शास्त्र, हे कसे? त्या हसल्या. त्यांच्या आईला वाचता येत नव्हते, तिने साऱ्या वचनांचे पाठांतर ऐकूनच केले होते, एवढेच त्या म्हणाल्या, आणि ग्रंथ उचलून फडक्यात बांधू लागल्या.