कोणती प्रत पाहिलीत?



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस कुंगफूच्या आणि भुताखेतांच्या सिनेमांवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण आज मला त्या सिनेमांइतकंच त्यांना गुण देण्याच्या आपल्या सवयीबद्दल बोलायचं आहे. हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि प्रत्येकाच्या खिशात पाच तारे आहेत. सिनेमा संपला की तीन तारे, साडेतीन तारे, ‘टाइमपास’, ‘बकवास’. हा निवाडा आहे, आणि निवाडा म्हटला की पहिला प्रश्न येतो: निवाडा नेमका कशाचा?

एक उदाहरण घेऊ. ‘एन्टर द ड्रॅगन’, १९७३. आपल्याकडे या सिनेमाबद्दल ठरलेलं मत असं की ब्रूस ली थोर, पण सिनेमात मारामारीशिवाय काही नाही. आता गंमत बघा. अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या आवृत्तीतून एक प्रसंग वगळलेला होता. शाओलिनचे वृद्ध गुरू आणि ली बोलत चालले आहेत. विषय काय, तर सर्वोच्च तंत्र कोणतं, प्रतिस्पर्धी म्हणजे कोण, आणि ‘मी’ नावाची वस्तू लढताना उरते का. वॉशिंग्टन विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे वर्ग केलेल्या माणसाला जे बोलायचं होतं, तेच गेलेलं. पंचविसाव्या वर्षाच्या निमित्ताने १९९८ साली निघालेल्या घरगुती व्हिडिओ आवृत्तीत हा प्रसंग परत आला. म्हणजे ‘यात विचार नाही’ असं म्हणणारा प्रेक्षक खोटं बोलत नव्हता. त्याच्यासमोरच्या प्रतीत तो विचार नव्हताच. त्याने निवाडा केला प्रतीचा आणि नाव घेतलं सिनेमाचं.

हा फरक खान्देशातल्या माणसाला समजावून सांगायची खरं तर गरज नाही. धुळं हे प्रतींचं गाव आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी हस्तलिखितं गोळा करून समर्थ वाग्देवता मंदिर उभारलं, तेही धुळ्यातच. ही माणसं काय करत होती? गावोगाव हिंडून पोथ्या मिळवत होती, आणि पोथी हाती आली की आधी विचारत होती: ही कुणी लिहिली, कधी लिहिली, कशावरून उतरवली, पानं किती गहाळ आहेत? त्याच्याही आधी, शके १५०६ म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, कारण तोपर्यंत उतरवणाऱ्यांच्या हातून तीत नाना पाठ शिरले होते. राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची निराळ्या हस्तलिखितावर आधारलेली संहिता छापली. ओवी कशी आहे हे सांगण्याआधी ती कोणत्या प्रतीतली आहे हे सांगायचं, ही शिस्त या मंडळींनी घालून दिली. माझं म्हणणं एवढंच, की पोथीला जी शिस्त लावली तीच सिनेमालाही लावा.

आता आपल्यापर्यंत हे आशियाई सिनेमे कोणत्या प्रतींतून आले ते पाहू. आधी कॅसेट. कलर टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणायचा आणि उजाडेपर्यंत तीन-चार सिनेमे उरकायचे, हा प्रकार तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवला असेल. नंतर आली व्हीसीडी. तिचं प्रमाण १९९३ साली ठरलं. एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटं, म्हणून एका सिनेमाला दोन तबकड्या. आपल्याकडच्या पद्धतीत चित्राचे बिंदू आडवे ३५२ आणि उभे २८८. आजच्या साध्या मोबाइलचा पडदासुद्धा याच्या कितीतरी पट बारीक चित्र दाखवतो. पण व्हीसीडी स्वस्त होती आणि घासलेली असली तरी अडखळत का होईना चालायची. म्हणून हाँगकाँगपासून जळगावपर्यंत ती घरोघरी गेली.

या प्रवासात सिनेमाचं काय झालं? हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सचे सिनेमे रुंद पडद्यासाठी काढलेले. चित्राची रुंदी उंचीच्या २.३५ पट. जुन्या टीव्हीचा पडदा १.३३ पट. पडदा भरून चित्र दाखवायचं म्हणजे दोन्ही बाजू कापायच्या. हिशेब करा: शंभर भागांतले जवळजवळ ४३ भाग गेले. आता अशा सिनेमातली लढत डोळ्यांसमोर आणा. दोन योद्धे चौकटीच्या दोन टोकांना उभे आहेत आणि सगळा ताण त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेत आहे. कापलेल्या प्रतीत एक योद्धा दिसतो, दुसऱ्याचा फक्त हात येतो. मग आपण लिहितो, ‘दिग्दर्शकाला कॅमेरा कुठे ठेवावा हे कळत नाही.’ अहो, त्याने बरोबरच ठेवला होता!

दुसरी गोष्ट वेगाची. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि आपल्याकडची टीव्ही पद्धत २५ ची. म्हणून कॅसेट किंवा डिस्क करताना बहुधा सिनेमाच किंचित जलद पळवत. १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. चौकट एकही गळलेली नसते, पण पाहणारा घड्याळ बघून म्हणतो, चार मिनिटं कापली! तेव्हा प्रतीवर आरोप करतानाही हिशेब यावा लागतो.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ साली अभिरुचीच्या निकषावर एक निबंध लिहिला. त्यात ‘डॉन किहोटे’मधल्या सांचो पांझाची गोष्ट आहे. दोन पारखी मद्याच्या पिंपातला घोट घेतात. एक म्हणतो, मद्य उत्तम, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो, उत्तम, पण लोखंडाची चव आहे. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी सापडते चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली. ही गोष्ट रसिकाच्या जिभेची थोरवी सांगायला वापरतात. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. दोघांनी जो दोष ओळखला तो मद्याचा नव्हता, पिंपाचा होता. मद्य उत्तम आहे हे दोघांनीही आधी सांगितलं आणि दोष वेगळा काढून ठेवला. जळगावचा सराफ दागिना तोलताना खडे आणि लाख वजा करून सोन्याचा भाव करतो, तसंच हे. समीक्षेचं पहिलं काम हेच. गुण देणं त्यानंतर.

‘मग सर, आम्ही मूळ भाषेतली, संपूर्ण, स्वच्छ प्रतच पाहू. डब केलेलं काही बघणारच नाही,’ असं एखादा तरुण म्हणेल. थांबा. इथे पोथीचं उदाहरण थोडं अपुरं पडतं. त्या काळातल्या हाँगकाँगच्या बहुतेक सिनेमांत चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेतच नसत. तो नंतर भरत, आणि कँटोनीज, मँडरिन, इंग्रजी असा बाजाराप्रमाणे भरत. १९७१ च्या ‘द बिग बॉस’मध्ये पडद्यावर ब्रूस ली आहे, पण बोलणारा दुसराच कुणी आहे. मग ‘मूळ आवाज’ कोणता? अशा सिनेमाची हिंदी प्रत भ्रष्ट आणि मँडरिन प्रत पवित्र, असं सरसकट म्हणता येत नाही. प्रत्येक सिनेमाची चौकशी वेगळी करावी लागते.

नवी स्वच्छ प्रत म्हणजे मूळ प्रत, हेही गृहीत धरू नका. शॉ ब्रदर्सच्या सातशेहून अधिक सिनेमांचा संग्रह सेलेस्टियल पिक्चर्स या कंपनीने घेतला आणि २००२ च्या अखेरीपासून ते सिनेमे दुरुस्त करून डीव्हीडी-व्हीसीडीवर आणले. रुंद चौकट परत मिळाली, हे मोठं काम झालं. पण काही सिनेमांच्या ध्वनीत नवे आवाज मिसळले गेले आणि जुन्या चाहत्यांना ते खटकले. तात्पर्य, शुद्ध करणारा हातही एक हातच असतो. एकनाथांना हे माहीत होतं. म्हणून आपल्या शुद्ध केलेल्या प्रतीत कुणी पदरची ओवी घालू नये, असं त्यांनी बजावून ठेवलं.

इथवर मी प्रतीबद्दल बोललो. पण मराठीत शेजारीच दुसरा शब्द आहे, नक्कल. हे दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. प्रत तीच कृती पुढे नेते. नक्कल दुसरी कृती जन्माला घालते. ठरावीक साच्यातले सिनेमे, म्हणजे मारामारीचे, डाकूंचे, भुतांचे, हे नकलेवरच जगतात. कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराय’ १९५४ चा. त्यावरून हॉलिवूडने १९६० साली ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ केला. त्याच घराण्यात १९७५ चा ‘शोले’ येतो. गावाने भाड्याने आणलेले लढवय्ये ही कल्पना जपानहून निघून रामगढला पोचली. आणि तिथून पुढे कुठे? धुळ्याहून आग्रा रोडने तासाभरावर असलेल्या मालेगावला! यंत्रमागांच्या त्या गावात शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला.

नासिर हे व्हिडिओ पार्लर चालवणारे गृहस्थ. परक्या भाषांतले सिनेमे पाहून पाहून ते शिकले. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात त्यांचं काम दिसतं आणि रीमा कागतींच्या ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’मध्ये त्याची कथा झाली आहे. या माणसांच्या सिनेमाला पाचपैकी किती तारे द्याल? चित्र धूसर आहे म्हणून एक कापाल? चोख पाहिलं तर तो समीक्षेचाच एक प्रकार आहे. ‘शोले’त खरोखर काय हवं आणि कशावाचून चालतं, हे त्यांनी करून दाखवलं. घोडे नसले तरी चालतं, मोठा नट नसला तरी चालतं. गब्बरची भीती आणि दोन मित्रांची माया मात्र हवीच. एवढं नेमकं परीक्षण मी छापील समीक्षेत फार थोड्या वेळा वाचलं आहे.

जपानी ‘रिंगू’ या १९९८ च्या भुताच्या सिनेमातली कल्पना मला इथे आठवते. एक शापित व्हिडिओ कॅसेट आहे. ती पाहणारा सात दिवसांत मरतो. सुटकेचा मार्ग एकच: कॅसेटची प्रत काढायची आणि दुसऱ्याला दाखवायची. भीती बाजूला ठेवा आणि हे सिनेमांच्या जगाला लावून पाहा. ज्याची प्रत निघत राहते ते टिकतं. ज्याची निघत नाही ते जातं.

हे आता तातडीचं का झालं आहे, ते सांगतो. १९७५ मध्ये सेन्सॉरने ‘शोले’चा शेवट बदलायला लावला. ठाकूरच्या हातून गब्बर मरायचा, तिथे पोलीस आले. मूळ शेवट पुढे व्हिडिओवर फिरत राहिला म्हणून लोकांना दोन पाठ आहेत हे कळलं. २०२५ मध्ये मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती कृत्रिम बुद्धिमत्तेने शेवट बदलून, नायकाला जिवंत ठेवून, चित्रपटगृहात आणली गेली. दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी उघड विरोध केला. उद्या असे बदल गाजावाजा न होता, थेट मोबाइलवरच्या सिनेमात झाले तर? जुनी कॅसेट निदान कपाटात असायची, पडताळून पाहता यायची. जो सिनेमा आपल्याकडे नसतोच, नुसता वाहत येतो, तो काल कसा होता हे कशावरून सांगणार?

म्हणून दोन गोष्टी करा. पहिली सोपी आहे. सिनेमाबद्दल लिहाल तेव्हा एक ओळ आधी लिहा: कोणती भाषा, किती मिनिटं, चौकट पूर्ण होती की कापलेली, कॅसेट, डिस्क की मोबाइल. मग चित्रपटाबद्दल बोला, आणि प्रतीबद्दल वेगळं बोला. तारे द्यायचेच असतील तर दोन ठिकाणी द्या. वाचणाऱ्याला त्याने कळेल की सिनेमा टाळायचा आहे की फक्त ती प्रत.

दुसरी अवघड आहे, आणि ती आपल्यावाचून कुणी करणार नाही. अहिराणी गाण्यांच्या, खान्देशी विनोदाच्या, मालेगावच्या सिनेमांच्या कितीतरी व्हीसीडी बसस्टँडबाहेर आणि आठवडे बाजारात विकल्या गेल्या. घरी राईट केलेल्या सीडीचा थर काही वर्षांत खराब होतो. प्लेअर तर भंगारात गेलेच. ज्या धुळ्याने तीनशे वर्षांपूर्वीच्या पोथ्या वाळवीच्या तोंडून काढल्या, त्याच मुलखात वीस वर्षांपूर्वीची तबकडी आज मिळणार नसेल, तर आपण पूर्वजांकडून नेमकं काय शिकलो? घरी जाल तेव्हा माळ्यावरची पिशवी उघडा. वेष्टनावर काय छापलं आहे ते वहीत उतरवून घ्या. चालत असेल तोवर एक प्रत काढा आणि दुसऱ्याच्या घरी ठेवा. ते सिनेमे चांगले की वाईट, हे पुढची माणसं ठरवतील. पण ठरवायला त्यांच्यासमोर काहीतरी असलं पाहिजे.