‘स्मृतिचित्रे’ आणि ‘देवाची इच्छा’

आपल्या नियतकालिकांतून येणाऱ्या साक्षींचा एक साचा ठरून गेला आहे. संकट येते, नोव्हेना होते, काही काळ अंधार राहतो आणि अखेर नोकरी लागते, दुखणे बरे होते, मुलीचे लग्न जमते. मग लेखक मागे वळून म्हणतो की, त्या निराशेतही परमेश्वराची योजना होती. या साक्षी खोट्या आहेत असे आम्हांस म्हणावयाचे नाही. आमची तक्रार एवढीच की, ज्यांना नोकरी लागली नाही ते साक्ष लिहीत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आम्ही पुन्हा वाचली ती हा विचार मनात असताना. टिळक दांपत्य कॅथलिक नव्हते. त्यामुळेच की काय, आपल्या घरांतून हे पुस्तक क्वचितच आढळते. सेमिनरीतही आम्हांस ते कोणी वाचावयास सांगितले नव्हते. नुकसान आपलेच झाले. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रास मराठी साहित्याने डोक्यावर घेतले ते त्यातील साध्या, हसऱ्या भाषेसाठी. त्यातील श्रद्धेकडे मात्र समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, आणि आपण ख्रिस्ती वाचकांनी तर नाहीच.

नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. पुढे ताटातूट, नातलगांचे बोल, अपमान. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. तत्पूर्वी जातिभेदाचा प्रश्न त्यांनी आपल्याच विचाराने सोडवून टाकला होता. साचेबंद साक्षकाराच्या हाती ही कथा पडती, तर आरंभीचे अश्रू शेवटच्या आनंदाची किंमत म्हणून हिशोबात जमा झाले असते. लक्ष्मीबाई तसे होऊ देत नाहीत. शेवट गोड झाला म्हणून त्या वर्षांचा कडूपणा त्या कमी करून सांगत नाहीत. टिळकांचा तापट स्वभाव, घरात असेल ते देऊन टाकण्याची त्यांची सवय, त्यापायी झालेली ओढाताण, हे सारे त्या टिळकांच्याच नावे मांडतात, देवाच्या नव्हे. आणि वर हसतात. माणसाने केलेले माणसाच्या पदरात टाकावयाचे आणि तरीही देवावर रुसावयाचे नाही, ही श्रद्धा आम्हांस साक्षींतल्या श्रद्धेपेक्षा अधिक अवघड वाटते. एक उणीव मात्र जाणवते. मनातला झगडा ऐन रंगात आला की लक्ष्मीबाई विनोदाआड निघून जातात. तेथे त्यांनी आणखी थोडे थांबावयास हवे होते.

आम्हांस हे वेगळेपण कळले ते सूर्यमाळच्या वाटेवर. मोखाडा तालुक्यातील हे उंच पठार पावसाळ्यात पाहुण्याला स्वर्ग भासते. तेथल्या एका पाड्यावर तापाने मूल गेलेल्या आईस भेटावयास आम्ही गेलो होतो. सवयीने तोंडातून निघून गेले, “बाई, देवाची इच्छा.” ती खाली पाहत म्हणाली, “फादर, गाडीच आली नाय.” आम्ही गप्प बसलो. शेजारच्या जव्हार तालुक्यात १९९२-९३ साली वावर-वांगणीची मुले दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. त्यावरही कोणी देवाच्या इच्छेचे पांघरूण घातलेच असेल. याच मोखाड्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईस जाते आणि उन्हाळ्यात येथील पाडे टँकरची वाट पाहतात. यात देवाची योजना शोधणे म्हणजे माणसाच्या योजनेला अभय देणे होय.

जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी प्रभूला विचारले होते, पाप कोणाचे? याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. कारण मागे न शोधता, देवाचे कार्य त्या माणसाच्या ठायी प्रकट व्हावयाचे आहे असे सांगून तो थुंकीने चिखल कालवावयास लागला. संत योहानाच्या शुभवर्तमानातील या नवव्या अध्यायावर आम्ही कितीदा प्रवचन केले असेल! चिखलाकडे लक्ष गेले नव्हते.

टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. आरंभीचे थोडे अध्याय त्यांचे. उरलेले, शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी रचले. येथे योजना पाहण्याचा मोह आम्हांसही होतो. परंतु लक्ष्मीबाई १९३६ साली निवर्तल्या आणि ग्रंथ निघाला १९३८ साली. छापील प्रत त्यांच्या हाती पडलीच नाही, हे त्या योजनेत कोठे बसवावे ते आम्हांस उमगत नाही. लक्ष्मीबाईंनी तरी ते बसविण्याचा खटाटोप केला असता, असे वाटत नाही.

सूर्यमाळची ती बाई दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली. होळीला परतेल तेव्हा तिच्याशी काय बोलावे, हे आमचे अजून ठरलेले नाही.