किसा गोतमीची मोहरी : एका कथेच्या कथनाविषयी

किसा गोतमीची कथा ठाऊक नाही असा उपासक आपल्या समाजात विरळाच. जलदानविधी असो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, की वर्षावासातील प्रवचन असो, मृत्यूचा विषय निघाला म्हणजे ही कथा सांगितली जाते. एकुलते एक मूल मरण पावलेली माता त्याचे कलेवर कडेवर घेऊन औषध मागत फिरते, भगवान तिला ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगतात, तसे घर तिला सापडत नाही, आणि मरण सर्वांनाच आहे हे तिला कळते. एवढे सांगून वक्ता थांबतो व शोकाकुल कुटुंबाने धीर धरावा असे सुचवितो. बालवाङ्मयातील पुस्तिकांतूनही कथेचा आकार साधारणपणे हाच असतो.

या कथेचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. अप्रिय सत्याकडे पाठ फिरवून बसलेले मन त्या सत्यासमोर कसे येते, याचे इतके थोडक्यात केलेले चित्रण अन्य वाङ्मयातही सहसा आढळत नाही. आमचे म्हणणे कथेच्या प्रचलित कथनाविषयी आहे. मूळ ग्रंथांतील काही भाग या कथनात गळून पडला आहे, आणि त्यामुळे जी कथा सत्य पाहावयास शिकविते, तीच कधी कधी सत्य झाकण्याच्या कामी येते, असे आम्हांस दिसून आले आहे.

प्रथम मूळ ग्रंथांकडे वळू. ही कथा अट्ठकथांत सविस्तर आलेली आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत ती सहस्सवग्गातील ११४ व्या गाथेच्या निमित्ताने विस्ताराने येते, आणि मग्गवग्गातील २८७ व्या गाथेच्या संदर्भात तिचा पुन्हा उल्लेख होतो. थेरीगाथेवरील आचार्य धम्मपालांच्या अट्ठकथेतही ती आहे. ‘किसा’ म्हणजे कृश. देहाने सडपातळ म्हणून गोतमीला हे नाव पडले. ती सावत्थीची. धम्मपालांच्या कथनात एक तपशील आहे, जो प्रवचनांतून आम्ही क्वचितच ऐकला आहे. गोतमी दरिद्री कुळातील होती. सासरी गेल्यावर ‘दरिद्र्याची लेक’ म्हणून तिची अवहेलना झाली. तिला पुत्र झाला तेव्हा कोठे घरात तिला मान मिळू लागला. तोच पुत्र खेळावयाच्या वयात मरण पावला. तेव्हा तिच्या मनात असा विचार आला की, ज्या घरात मला मानाने वागविले जात नव्हते तेथे मुलाच्या जन्मापासून मला मान मिळाला, आणि आता हे लोक माझ्या मुलाला बाहेर टाकून देऊ पाहत आहेत.

हा तपशील ध्यानी घेतला म्हणजे गोतमीच्या भ्रमाचे स्वरूप पालटते. तिला मृत्यू कळत नव्हता असे म्हणता येणार नाही. ते मूल हेच त्या घरातील तिचे स्थान होते. ते गेले असे मान्य करणे म्हणजे आपले स्थानही गेले असे मान्य करणे होय. म्हणून ती ते मान्य करीत नव्हती. मनुष्य सत्य नाकारतो तेव्हा बहुधा त्या सत्याबरोबर त्याचे आणखी काहीतरी जाणार असते. पोराची वाईट संगत डोळ्यांसमोर असता न पाहणारा पिता, असाध्य रोगाचे निदान ऐकून घेण्याचे टाळणारे कुटुंब, कर्जाची वही न उघडणारा गृहस्थ, हे काही अज्ञानी नसतात. काय गमवावे लागेल हे त्यांस पुरते ठाऊक असते. गोतमीच्या बाबतीत जे गमवावयाचे होते ते निसर्गाने दिलेले नव्हते. पुत्रवती स्त्रीलाच मान देण्याची त्या घराची रीत होती, आणि ती माणसांनी घातलेली होती.

आता मोहरीचा प्रसंग पाहू. रस्त्यातील लोक गोतमीला हसतात. मेलेल्याला कोठे औषध असते काय, असे विचारतात. ते सांगतात ते सत्यच असते, परंतु त्या सत्याने तिचे पाऊल थांबत नाही. भगवान मात्र तिला ‘तुझे मूल मेले आहे’ असे म्हणत नाहीत. चिमूटभर पांढरी मोहरी आण, आणि ती मृत्यू न घडलेल्या घरातली असू दे, एवढेच सांगतात. मोहरी प्रत्येक घरात असतेच, म्हणून दारात गेल्यावर ती मिळते; अडते ते दुसऱ्या प्रश्नापाशी. गोतमी दारोदार विचारते, घरोघरचे लोक आपापली मृत माणसे सांगतात, आणि जिवंतांपेक्षा मेलेलेच अधिक आहेत हा निष्कर्ष शेवटी तिचा स्वतःचा असतो. भगवानांनी तिला उत्तर दिले नाही, चौकशीचे काम दिले. कोणतीही गोष्ट परंपरेने आली म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नये, हा कालामांना केलेला उपदेश येथे एका शोकविव्हल स्त्रीच्या बाबतीतही पाळला गेला आहे. प्रचलित कथनात या शोधाला एकदोन वाक्येच मिळतात आणि निष्कर्ष वक्त्याच्या तोंडी जातो.

कथा स्मशानात संपतही नाही. गोतमी भिक्षुणी होते. धम्मपद-अट्ठकथेप्रमाणे उपोसथागारातील दिव्याच्या ज्योती उसळताना व मंदावताना पाहून ती प्राणिमात्राच्या उदय-व्ययाचे चिंतन करते. अंगुत्तर निकायात जाडीभरडी चीवरे धारण करणाऱ्या भिक्षुणींत तिला अग्रस्थान दिलेले आहे. संयुत्त निकायाच्या भिक्खुनी-संयुत्तात ती सावत्थीजवळच्या अंधवनात एकटी बसली असता मार येऊन तिला डिवचतो. मूल मेलेल्या स्त्रीसारखी रडवेल्या मुखाने एकटी का बसलीस, पुरुष शोधतेस काय, असे विचारतो. ती त्याला ओळखते, पुत्रमरणाचा विषय माझ्यापुरता संपला आहे असे निर्भयपणे सांगते आणि त्याला परतवून लावते. थेरीगाथेत तिच्या नावावर अकरा गाथा आहेत. त्यांत मोहरीचा उल्लेखही नाही. कल्याणमित्रांची थोरवी आहे, आणि त्यापाठोपाठ स्त्रीजन्माचे दुःख आहे : सवतीचे दुःख, बाळंतपणाच्या वेदना, त्या असह्य होऊन जीव देणाऱ्या स्त्रिया. पुढे वाटेतच प्रसूत झालेल्या व पती गमावलेल्या स्त्रीचे जे वर्णन येते, ते अट्ठकथेनुसार पटाचारेच्या आयुष्यातील आहे. या गाथा एकीच्या की दोघींच्या, या वादात आम्ही येथे शिरत नाही. गोतमीच्या नावाने जतन झालेल्या सर्वांत जुन्या वाणीत मृत्यूच्या सार्वत्रिकतेइतकेच स्त्रीच्या विशिष्ट दुःखाचेही भान आहे, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

हे सारे आम्ही का लिहीत आहोत, ते एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. काही काळापूर्वी एका शहरातील वस्तीत आम्ही पुण्यानुमोदनासाठी गेलो होतो. दोन वर्षांचे मूल हगवणीने दगावले होते. वस्तीत पाण्याचा नळ गटारालगत होता, आणि त्या पावसाळ्यात अनेक घरांत हाच आजार होता. विधी झाल्यावर बौद्धाचार्यांनी किसा गोतमीची कथा भावपूर्ण रीतीने सांगितली. मुलाची आजी शांतपणे ऐकत होती. कथा संपल्यावर ती म्हणाली, “गुरुजी, मरण समद्यांलाच हाय, ते खरं. पण त्या पलीकडच्या बिल्डिंगीत जाऊन इचारा, हगवणीनं लेकरू गेलंय असं घर तिथं घावतंय का.” सभेत कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही, आणि त्याची खंत आम्हांस आजही आहे.

त्या वृद्धेने कथा नाकारली नव्हती. मोहरीचा प्रश्न तिने अधिक नेमकेपणाने विचारला होता. ‘कोणी मेले आहे काय’ असे विचारले तर प्रत्येक घर होय म्हणेल. ‘कशाने मेले’ असे विचारले तर मात्र घराघरांतील उत्तरे भिन्न येतील. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन दुसरा प्रश्न विचारू न देणे हेही सत्य नाकारणेच आहे. फरक इतकाच की येथे असत्याऐवजी एका मोठ्या सत्याचा पडदा केला जातो. ‘सर्व अनित्य आहे’ हे वचन गटारालगतच्या नळावर पांघरूण घालण्यासाठी उच्चारले जाऊ लागले, तर ते कितीही खरे असले तरी त्या जागी धम्म उरत नाही.

भगवानांची दृष्टी या बाबतीत स्पष्ट होती. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात, मनुष्य जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्माचेच फळ, या मताविषयी त्यांस विचारले असता त्यांनी ते मत अमान्य केले. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुपालट, विषम वर्तन, बाहेरून झालेला आघात अशी कारणे त्यांनी एकेक करून सांगितली आणि कर्मविपाक हे त्यांपैकी केवळ एक मानले. म्हणजे दुःख आहे एवढे म्हणून ते थांबत नाहीत. कोणते दुःख कोणत्या कारणाने, हे वेगळे करून पाहावयास लावतात. हगवणीचेच उदाहरण घ्या. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे मरत होती आणि शिरेतून द्यावयाचे द्रावण संपत आले होते. तेथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचे पाणी तोंडाने पाजण्याचा मार्ग अवलंबिला, आणि सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. मरण सर्वांनाच आहे, हे त्या डॉक्टरांनाही ठाऊक होतेच. ते सत्य मान्य करूनही, हे मरण आज येथे टळू शकते हे दुसरे सत्य त्यांनी डोळ्यांआड केले नाही.

पूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांविषयी जी शंका उपस्थित केली, तिच्याकडे या दृष्टीने पाहावे असे आम्हांस वाटते. जीवन दुःख, मरण दुःख आणि पुनर्जन्मही दुःख असेल तर मनुष्याला आशाच उरत नाही, आणि हे मूळ शिकवणुकीत होते की मागाहून आले, असा त्यांचा प्रश्न होता. या शंकेवरून काही अभ्यासकांनी बाबासाहेबांवर दुःखसत्य टाळल्याचा आरोप केला आहे. आम्हांस तो मान्य नाही. ज्या पित्याने आपल्या पाच अपत्यांपैकी चार अपत्ये गमावली, ज्याचा लाडका राजरत्न १९२६ साली गेला, त्याला पुत्रशोकाचे सत्य ग्रंथांतून शिकावयाचे नव्हते. याच ग्रंथात भगवानांच्या करुणेचे वर्णन करताना त्यांनी किसा गोतमीला स्थान दिले आहे. एकीकडे ही कथा स्वीकारणे आणि दुसरीकडे दुःखाला माणसाची अटळ नियती मानण्यास नकार देणे, यांत आम्हांस विसंगती दिसत नाही. मृत्यू अटळ आहे म्हणून दारिद्र्य व अवहेलनाही अटळ आहेत, ही उडी घेण्यास त्यांनी नकार दिला.

पालि परंपरेतही या दृष्टीला आधार आहे. धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात प्रत्येक आर्यसत्याचे एक कार्य सांगितले आहे. दुःख ‘परिञ्ञेय्य’ म्हणजे सर्व बाजूंनी जाणून घ्यावयाचे आहे, आणि त्याचा समुदय ‘पहातब्ब’ म्हणजे टाकून द्यावयाचा आहे. दुःखासमोर नुसती मान तुकवावी असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. परिज्ञा नसता केलेला स्वीकार म्हणजे थकून स्वस्थ बसणे होय. समुदय म्हणजे तृष्णा, हा त्या सुत्तातील अर्थ आम्ही विसरलेलो नाही. परंतु एखाद्याची तृष्णा त्याच्या स्वतःच्याच दुःखाला कारण होते, इतरांच्या नाही, असे मानण्यास आधार नाही. दीघ निकायातील महानिदान सुत्तात तृष्णेपासून परिग्रह, मात्सर्य आणि शेवटी शस्त्रे व कलह कसे उत्पन्न होतात, हे क्रमाने दाखविले आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शोकाच्या घडीला आईला गटाराची कारणमीमांसा ऐकविणे क्रूरपणाचे नाही काय? आहे. त्या घडीला तिच्याजवळ बसणे हेच काम असते. भगवानांनीही गोतमीला प्रथम उपदेश केला नाही. पण आमचा आग्रह आईपुरता नाही. सभेत बसलेल्या आम्हां इतरांपुरता आहे. मृत्यूचे सत्य आईने स्वीकारावे अशी अपेक्षा करणाऱ्यांनी आपल्या वाट्याचे सत्यही स्वीकारले पाहिजे. गोतमीच्या कथेत सासरच्या माणसांना कोणीच मोहरी आणावयास पाठविले नाही. आपल्या वर्तनाने ही स्त्री प्रेताला कवटाळण्याइतकी असहाय झाली, हे त्यांना कोणी विचारले नाही. अट्ठकथाकारांनी त्यांच्या अवहेलनेची नोंद मात्र करून ठेवली, हे त्यांचे उपकारच म्हणावयाचे. ती नोंद गाळण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून बौद्धाचार्यांना व प्रवचनकार बंधुभगिनींना आमची विनंती आहे की त्यांनी ही कथा पूर्ण सांगावी. गोतमी दरिद्र्याची लेक होती येथून आरंभ करावा, तिने दारोदार विचारलेले प्रश्न घाईने उरकू नयेत, आणि अंधवनात माराला उत्तर देणाऱ्या निर्भय भिक्षुणीपर्यंत ती न्यावी. त्या वस्तीतील आजीचे बोलणे आम्ही त्यानंतर इतर दोन विहारांत सांगितले. एका ठिकाणी सभा संपल्यावर चार तरुण थांबले आणि आपल्या गल्लीतील पाण्याची तपासणी कोठे करून मिळते, अशी चौकशी करू लागले. गोतमीही अशीच चौकशी करीत दारोदार गेली होती.