वाचकाचे वय आणि वीरनायिकेचे वय

बालपणी मनावर ठसलेल्या वीरांचे पुढे काय होते, हा प्रश्न वरवर मानसशास्त्राचा वाटला तरी साहित्याच्या अभ्यासातही त्याला स्थान आहे. कारण हे वीर बहुतेकांना प्रथम भेटतात ते कवितेतून, कीर्तनातून वा पोवाड्यातून. आणि वय वाढल्यावर त्यांचे रूप पालटते तेही बव्हंशी दुसऱ्या एखाद्या ग्रंथाच्या वाचनाने. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईची प्रतिमा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. आणि ती तपासताना जबलपूर या शहराकडे पुनःपुन्हा वळावे लागते.

सुभद्राकुमारी चौहान (१९०४–१९४८) विवाहानंतर जबलपूरला आल्या आणि तेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात त्यांना अटक झाली. ‘झाँसी की रानी’ ही त्यांची कविता हिंदी प्रदेशातील कित्येक पिढ्यांनी शाळेत मुखोद्गत केली आहे. तांब्यांच्या घरात जन्मलेली आणि नेवाळकरांच्या घरात दिलेली ही मराठी राणी, शाळेत हिंदी शिकणाऱ्या जबलपूरच्या मराठी मुलालाही प्रथम भेटते ती या हिंदी कवितेतून.

कवितेची रचना पोवाड्याच्या जवळची आहे. बुंदेलखंडातील हरबोल्यांच्या तोंडून कथा ऐकल्याचे कवयित्री ध्रुवपदातच सांगते आणि ऐकीव कथेचे सर्व अधिकार स्वतःकडे घेते. शस्त्रांशी खेळणारी मनू, तिचे वैधव्य, राज्याचे अपहरण, युद्ध आणि मृत्यू ही पावले कुठेही न अडखळता पडतात. यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. या कवितेतील मनूलाही स्वतःचा एक वीर आहे. शिवाजीच्या कथा तिला तोंडपाठ आहेत. म्हणजे बालवाचकाला येथे भेटते ती आपल्यासारखीच वीरकथा पाठ करणारी मुलगी. राणीचे जन्मवर्ष कोणी १८२८ मानतात, कोणी १८३५. कविता तिला मृत्युसमयी तेवीस वर्षांचीच मानते. या तरुण वयामुळे नायिका वाचकाच्या आणखी जवळ येते.

मात्र याच जबलपूरशी राणीचा आणखी एक संबंध आहे आणि तो कवितेत नाही. जून १८५७ मध्ये झाशीच्या शिपायांनी उठाव केला. इंग्रज पुरुष, स्त्रिया व मुले मारली गेली. त्यानंतर राणीने जबलपूरला असलेल्या मेजर अर्स्किन या कमिशनरला पत्रे लिहिली. त्यांत शिपायांच्या कृत्याबद्दल खेद आहे, त्यांनी धमकावून पैसा उकळल्याची तक्रार आहे आणि सरकारी साहाय्याची अपेक्षा आहे. अर्स्किननेही नवा अधिकारी येईपर्यंत सरकारच्या वतीने कारभार पाहण्याची तिला संमती दिली. ह्यू रोजच्या सैन्याशी झाशीचा प्रत्यक्ष सामना झाला तो मार्च १८५८ मध्ये. कवितेतील राणी या मधल्या महिन्यांतून जात नाही. इतिहासातील राणीला ते काढावे लागले.

कविता पाठ असलेला विद्यार्थी मोठेपणी ही पत्रे वाचतो तेव्हा त्याच्यापुढे दोन सोपे मार्ग असतात. पत्रे म्हणजे निव्वळ राजकीय डाव होता असे ठरवून प्रतिमा जशीच्या तशी जपणे, हा एक; राणी मनाविरुद्ध बंडात ओढली गेली असे म्हणून प्रतिमाच मोडीत काढणे, हा दुसरा. हे मार्ग परस्परविरोधी दिसले तरी दोहोंमागे एकच समजूत आहे : खरा वीर क्षणभरही द्विधा होत नाही. ही समजूत बालपणाची आहे. पहिल्या मार्गाने जाणाऱ्याप्रमाणेच दुसऱ्या मार्गाने जाणाराही तिच्यातून सुटलेला नसतो.

तिसरा मार्ग मराठीत एका भिक्षुकाने दाखवला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले, बंडात सापडले आणि वेढ्याच्या वेळी झाशीतच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, तोही स्वतःचे फेरफार करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये उजेडात आणली. गोडसेभटजींनी राणीचा दिनक्रम, तिचा व्यायाम, तिची पूजाअर्चा जवळून पाहिली. शहरातील कत्तल आणि लूटही पाहिली. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी ती त्यांना पुन्हा भेटते. ती पुरुषी वेषात, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ आहे. भटजी पाणी काढून देऊ पाहतात. विद्वान ब्राह्मणाकडून ही सेवा नको म्हणून ती स्वतःच पाणी शेंदते. या प्रसंगात तलवार नाही, गर्जना नाही. पराभूत, थकलेली आणि तरीही आपल्या मर्यादेची जाण न सोडणारी एक स्त्री तेवढी आहे.

गोडसेभटजींची स्मृती सुमारे पंचवीस वर्षांनंतरची असल्याने ती अचूक पुरावा म्हणून वापरता येणार नाही. परंतु तिचे वाङ्मयीन मोल त्यावर अवलंबून नाही. सांगणारा स्वतः भ्यालेला, भुकेलेला आहे. राणीचे शौर्य तो स्वतःच्या भयाच्या शेजारी ठेवून पाहतो. म्हणून येथे राणी लहान न होता माणूस होते. ही राणी समजल्यावर जबलपूरला गेलेली पत्रेही खटकत नाहीत. ज्या बाईपाशी पुरेसे सैन्य नाही आणि जिच्यावर एका शहराची जबाबदारी आहे, तिने लढाईखेरीजचे मार्ग आधी चाचपून पाहिले. ते सर्व बंद झाल्यावर घेतलेला निर्णय अविचारी आवेशापेक्षा अधिक मोलाचा ठरतो.

जबलपूरचेच हरिशंकर परसाई (१९२४–१९९५) यांनी आपल्या एका व्यंग्यसंग्रहाला ‘विकलांग श्रद्धा का दौर’ असे नाव दिले. त्याला १९८२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. त्यांचा रोख चरणस्पर्शाने भागणाऱ्या भक्तीवर होता, राणीवर नव्हे. पण त्यांचा शब्द येथेही लागू पडतो. जी श्रद्धा एका पत्राने मोडते, किंवा मोडू नये म्हणून ते पत्र वाचण्याचेच टाळते, ती विकलांगच म्हटली पाहिजे.

याचा अर्थ सुभद्राकुमारींची कविता बालिश ठरते असा नाही. प्रथम मान उंचावून पाहायला तीच शिकवते. ते पाहणे घडलेच नसते, तर पुढे पत्रांचे वा विहिरीचे कोणाला काही वाटण्याचे कारणच उरले नसते. वाचकाचे प्रौढत्व बालपणीचा वीर गमावण्यात नाही. त्याच्याविषयीचा प्रश्न बदलण्यात ते आहे. मूल विचारते, तिने काय केले. प्रौढ वाचक विचारतो, ते करण्यापूर्वी तिच्यापुढे काय काय होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कवितेत मिळते. दुसऱ्याचे एकाच ग्रंथात मिळत नाही, आणि म्हणूनच वाचन संपत नाही.