'प्रतिकार' या शब्दाची मर्यादा

रोगप्रतिकारक पेशींना 'शरीराचे सैनिक' म्हणण्याची आपली रीत सोयीची खरी; परंतु मेंदूविषयी लिहिताना ती दिशाभूल करते. १९१९ साली देल रिओ-ओर्तेगा याने ज्यांना 'मायक्रोग्लिया' हे नाव दिले, त्या पेशी मृत द्रव्य उचलतात, चेतापेशींचे अनावश्यक जोडही छाटतात. हे काम त्यांच्या चयापचयावर अवलंबून असते. दाहक उद्दीपन होताच त्या ग्लुकोजचे झटपट विघटन करू लागतात; तंतुकणिकांतील सावकाश पण भरघोस ऊर्जानिर्मिती मागे पडते. बारामती-इंदापूरच्या ऊस-बागायतदारास हे पाचटाच्या जाळावरून उमगेल: भडकतो, पण टिकत नाही. उलटपक्षी, 'ट्रेम-२' जनुकातील दुर्मिळ भेद अल्झायमरचा धोका वाढवितात, असे २०१३ साली आढळले. आणि या जनुकाच्या अभावी पेशींची ऊर्जाच खालावते, हे २०१७ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. अतिप्रक्षोभ आणि ऊर्जाक्षय, दोन्ही घातक होत. 'प्रतिकारशक्ती वाढवा' या उपदेशात याचा मागमूस नाही. 'चयापचय' या समासात मात्र घडण व मोड दोन्ही नांदतात. तोलाची ही कल्पना परिभाषेत असताना ग्रामीण आरोग्य-व्याख्यानांनी रणभूमीचे रूपक का वापरावे? 'सैनिक' जाऊन 'राखणदार' यावा, हेच इष्ट होय.