भागाकारातला खालचा आकडा

अळ्यांवरच्या परोपजीवी माश्यांबद्दलचे शोधनिबंध वाचायला घेतलेत, तर एक वाक्य तुम्हाला हमखास भेटेल. शेतातून इतक्या अळ्या गोळा केल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या, त्यांतल्या इतक्या टक्के अळ्यांतून माशी निघाली. त्याखाली महिन्यानुसार तक्ता, आणि निष्कर्ष: ही माशी जैविक नियंत्रणासाठी उपयुक्त. वाचायला सगळं बरोबर वाटतं. माझी तक्रार त्या टक्केवारीबद्दल आहे. भागाकारात वरचा आकडा सगळे नीट मोजतात, खालच्याकडे कुणी बघत नाही.

आधी माशी ओळखून घ्या. टॅकिनिड कुळातल्या या माश्या घरमाशीसारख्याच दिसतात, पण अंगावर राठ केस जास्त. काही जाती अळीच्या कातडीवर अंडी चिकटवतात, काही पानावर घालतात, काही सरळ अळीच्या शरीरात पिल्लू सोडतात. आत शिरलेली माशीची अळी यजमानाला आतून खाते, आणि शेवटी यजमान मरतो.

आता राळेगावचं एखादं वावर डोळ्यांसमोर आणा. पऱ्हाटीची तासं, मध्ये तुरीचं तास. तुरीच्या शेंगा पोखरते ती हेलिकोव्हर्पा. हरभऱ्यावर तिलाच आपण घाटेअळी म्हणतो, कपाशीवर हिरवी बोंडअळी. तिच्यावर कार्सेलिया इलोटा नावाची टॅकिनिड माशी येते. समजा, तुम्ही तुरीवरून 100 अळ्या वेचल्या, 60 लहान आणि 40 मोठ्या, आणि 10 अळ्यांतून माशी निघाली. उत्तर 10 टक्के? पण ही माशी मुख्यतः मोठ्या अळ्यांनाच गाठत असेल, तर छेद 40 हवा, आणि उत्तर 25 टक्के येतं. वावर तेच, माश्या त्याच. फक्त वेचणाऱ्याची नजर लहान अळ्यांवर किती गेली, यावर निकाल बदलला.

गोष्ट इथेच थांबत नाही. अळी वेचली त्या क्षणी तुम्ही तिला माशीपासून वाचवलंत. ती वावरात आणखी चार दिवस राहिली असती तर कदाचित सापडली असती. म्हणजे आकडा खरा त्यापेक्षा कमी येतो. उलट, निरोगी अळी पूर्ण वाढली की मातीत जाऊन कोष करते आणि तुमच्या हाती लागत नाही. परोपजीवी पोटात असलेली अळी रेंगाळून झाडावरच राहिली, तर आकडा जास्त येतो. शिवाय काही अळ्या विषाणूने डब्यातच मरतात. त्यांच्या पोटात माशी होती की नाही? उघडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. या चुका एकमेकींना काटतील, अशी आशा म्हणजे पद्धत नव्हे.

व्हॅन ड्रीशे यांनी 1983 मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला: एखाद्या दिवशीच्या नमुन्यातली टक्केवारी म्हणजे पूर्ण पिढीतली मृत्यूची टक्केवारी नव्हे. चाळीस वर्षं उलटली, तरी तक्ते तसेच छापले जातात.

हाच भागाकार एका ठिकाणी मात्र चोख बसतो, तो म्हणजे रेशीम संगोपनगृहात. तुतीच्या रेशीमकिड्यावरची उझी माशी 1980 मध्ये कर्नाटकात पोचली आणि तिथल्या शेतकऱ्यांची झोप उडाली. तिची अंडी कातडीवर दिसतात, अळी आत शिरते तिथे काळा डाग पडतो. शेतकऱ्याला अंडीपुंज किती घेतले ते माहीत असतं, सगळे किडे एका वयाचे, एका छपराखाली. छेद आधीच ठरलेला आहे. तुरीच्या वावरात तो तुम्हाला बनवावा लागतो.

बनवता येतो का? येतो. अमेरिकेत जिप्सी मॉथच्या बंदोबस्तासाठी 1906 पासून कॉम्प्सिलुरा कॉन्सिनाटा ही युरोपातली टॅकिनिड माशी सोडली गेली. ती तिथल्या देखण्या रेशीम-पतंगांच्या मुळावर आली का, हे बोएटनर आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवलं. त्यांनी अळ्या वेचल्या नाहीत, मांडल्या. सेक्रोपिया पतंगाच्या पहिल्या तीन अवस्थांच्या प्रत्येकी 100 अळ्या झाडांवर ठेवल्या. त्या अवस्थांतल्या मृत्यूंपैकी 81 टक्के या माशीच्या नावावर निघाले. वय माहीत, संख्या माहीत. हा अभ्यास मला का आवडतो, ते कळलं असेल. पण त्याचीही एक मर्यादा ध्यानात ठेवा: माणसाने मांडलेल्या अळ्यांची दाटी निसर्गातल्यासारखी असेलच असं नाही, आणि दाट अळ्यांकडे माश्या जास्त येत असतील तर आकडा फुगतो.

अंशातही एक खड्डा आहे. कोस्टा रिकातल्या बेल्व्होसिया माश्यांचे 2006 मध्ये डीएनए तपासले, तेव्हा अनेक पतंगांवर जगणाऱ्या समजल्या गेलेल्या 3 जाती प्रत्यक्षात 15 निघाल्या, प्रत्येकीचे यजमान ठरलेले. म्हणून निघालेली प्रत्येक माशी टाचणीला लावून, कुठल्या अळीतून निघाली त्या क्रमांकासह जपून ठेवा.

एवढी काटेकोर भाषा कशाला, असं वाटेल. कारण हा आकडा प्रबंधात पडून राहत नाही, तो शिफारशीत जातो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने माणसं दगावली. इथे 'मित्रकीटक पुरेसे आहेत, फवारू नका' हे सांगणं गरजेचं आहे, पण ते खरं असायला हवं. मोठ्या अळीत वाढणारी माशी अळीला मारते तोवर अळीने शेंगा खाल्लेल्या असतात. तेव्हा 25 टक्के परजीवीकरण म्हणजे 25 टक्के पीक वाचलं, असा अर्थ होत नाही. त्याचा फायदा पुढच्या पिढीत दिसतो. ज्याने आपल्या आकड्यावर विसंबून पंप घरी ठेवला, त्याला हा फरक आधी सांगायला हवा.

तेव्हा विषय मांडताना मार्गदर्शकांना 'किती टक्के' हे सांगण्याआधी एक ओळ लिहून न्या: कशापैकी, कुठल्या वयाच्या, किती दिवसांत. ती ओळ लिहिता येत नसेल, तर अजून अळ्या वेचायला जाऊ नका.