शालेय संगणकशिक्षणाचे मूल्यमापन : वडोदरा प्रयोगाच्या निमित्ताने

शालेय शिक्षणातील तंत्रज्ञानाविषयी आपल्याकडील चर्चासत्रांतून जे निबंध वाचले जातात, त्यांची मजल संगणकांची संख्या, शिक्षकांची प्रशिक्षणे आणि प्रश्नावलीतून मिळालेली अनुकूल मते यांपलीकडे सहसा जात नाही. विद्यार्थी अधिक शिकला काय, हा प्रश्न तसाच राहतो. या दृष्टीने वडोदरा येथील प्रयोग पुन्हा तपासणे उद्बोधक ठरावे.

गुजरात शासनाने २००० मध्ये वडोदऱ्यातील शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले; त्यांपैकी फारच थोडे वापरात होते. ‘प्रथम’ संस्थेने २००२-०३ पासून इयत्ता चौथीसाठी आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोन मुले, अशी गणिती खेळांची योजना राबविली. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडन यांच्या २००७ मधील शोधनिबंधानुसार गणिताचे गुण पहिल्या वर्षी ०.३५, तर दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. शाळांची निवड यादृच्छिक असल्याने या निष्कर्षास वजन आहे.

मात्र हा निबंध उद्धृत करणारे बहुधा येथेच थांबतात. भाषा विषयात फरक पडला नाही. योजना संपल्यानंतर वर्षभरात गणितातील लाभ सुमारे ०.१० वर उतरला. त्याच निबंधातील ‘बालसखी’ उपक्रमात स्थानिक तरुणी मागे पडलेल्या मुलांना शिकवीत. तेथे दुसऱ्या वर्षी ०.२८ इतकी वाढ झाली. तो लाभही पुढे ओसरला, परंतु दरडोई वार्षिक खर्च होता सव्वादोन डॉलर. संगणक योजनेचा पंधरा डॉलरहून अधिक. स्वस्त पर्यायाशी तुलना न करता काढलेला ‘परिणामकारक’ हा निष्कर्ष अपुराच म्हणावा लागेल.

लिंडन यांचा गुजरातमधीलच पुढील अभ्यास (२००८) अधिक अस्वस्थ करणारा आहे. संगणकाचा तास शाळेच्या वेळेबाहेर जादा दिला तेव्हा गुण वाढले. शिक्षकाच्या अध्यापनाऐवजी दिला तेव्हा ते घटले. वेळापत्रकातील जागा हा आपल्या प्रश्नावल्यांत आढळतच नाही असा घटक येथे निर्णायक ठरला. पेरू देशात मुलांना लॅपटॉप वाटूनही गणित व भाषेत प्रगती दिसली नाही, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रात २०१५ नंतर जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा, अनेकदा लोकवर्गणीतून, ‘डिजिटल’ झाल्या. ग्रामस्थांनी पदरमोड केली, हे कौतुकास्पदच. परंतु ‘डिजिटल’ ठरण्यासाठी प्रोजेक्टर पुरेसा होता. तो लागल्यावर कोणता तास कमी झाला, याची नोंद ठेवण्यास त्या शाळांना कोणी सांगितले नाही.